‘थांब’ म्हटल्यावर गाणं कसं थांबतं?

तळेगाव मागे टाकून एक्स्प्रेस-वेवरून लोणावळ्याकडे निघालं की कामशेतचे बोगदे लागतात. समजा, गाडीत गाणी चालू आहेत, मागच्या सीटवर पोराचा नुकताच डोळा लागलाय, म्हणून तुम्ही फोनमधल्या एआय सहायकाला सांगता, ‘गाणं थांबव.’ नेमकी त्याच क्षणी गाडी बोगद्यात शिरते. गाणं थांबतं. बोगदा संपतो, फोनला रेंज येते आणि कुणी हातही न लावता गाणं पुन्हा सुरू होतं. पोर दचकून उठतं.

बिघडलं काय? फोन धड आहे, स्पीकर धड आहे. सहायकानं सांगितलेलंच काम केलंय, फक्त दोनदा केलंय. खोट आहे ती चार-सहा ओळींच्या एका मजकुरात, जो आपण वापरणारे कधीच पाहत नाही. हा मजकूर म्हणजे सहायकाच्या हाती दिलेल्या टूलचं वर्णन. संगीत चालू-बंद करणाऱ्या साध्याशा टूलचं वर्णन लिहिणं हे किती जबाबदारीचं काम आहे, ते या लेखात पाहू.

मॉडेलला कान नसतात

एआय सहायकाच्या पोटात जे भाषेचं मॉडेल असतं, त्याला एकच काम येतं: मजकूर वाचायचा आणि त्यापुढचा मजकूर लिहायचा. गाणं वाजवणं, दिवा लावणं, तिकीट काढणं यातलं काहीही ते स्वतः करू शकत नाही. मग गाणं थांबतं कसं?

मॉडेलच्या भोवती एक साधा प्रोग्राम असतो. आपण बोललो की तो आपलं वाक्य मॉडेलपुढे ठेवतो आणि सोबत एक यादी देतो: ‘तुला ही ही टूल्स वापरता येतील.’ यादीत प्रत्येक टूलचं नाव असतं, ते काय करतं याचं वर्णन असतं आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता असतो. मॉडेल ते वाचतं आणि उत्तरादाखल एक मागणी लिहितं: अमुक टूल चालवा, त्याला ही ही माहिती द्या. प्रोग्राम ती मागणी प्लेयरकडे पोचवतो, प्लेयरचं उत्तर पुन्हा मजकुराच्या रूपात मॉडेलपुढे आणतो आणि मग मॉडेल आपल्याला म्हणतं, ‘थांबवलं.’ काम पुरं होईपर्यंत हे वाचणं आणि मागणं आपणहून चालू ठेवणाऱ्या या सगळ्या व्यवस्थेला एजंट म्हणतात.

अशी मागणी ठरावीक साच्यात लिहिण्याची सोय ओपनएआयनं जून 2023मध्ये आपल्या मॉडेलांना दिली. नोव्हेंबर 2024मध्ये अँथ्रॉपिकनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजे एमसीपी, हा खुला करार जाहीर केला. टूल कोणीही बनवो आणि एजंट कोणाचाही असो, दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे त्यात ठरलेलं आहे. त्यातही टूलची ओळख याच गोष्टींनी होते: नाव, वर्णन, माहितीचा तक्ता.

आता मुद्द्याचं. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. स्पीकरवर काय वाजतंय ते ऐकू येत नाही. त्याला दिसतात ती फक्त अक्षरं. माणसासाठी लिहिलेलं माहितीपत्रक कपाटात पडून राहिलं तरी रेडिओ वाजतोच, कारण माणूस बटणं दाबून, कान देऊन शिकतो. एजंटच्या बाबतीत वर्णन हा यंत्राचाच एक भाग आहे. तो भाग सैल असेल तर यंत्र सैल चालतं.

एकच बटण, दोन अर्थ

बोगद्यातल्या घोटाळ्याकडे वळू. संगणकावरच्या प्लेयरना बाहेरून हुकूम देण्यासाठी लिनक्समध्ये ‘एमप्रिस’ नावाचा एक जुना, नीट लिहिलेला करार आहे. ‘प्लेयरसीटीएल’सारखं छोटं टूल त्याच्याच जोरावर चालतं. त्यात तीन हुकूम वेगवेगळे दिले आहेत: प्ले, पॉज आणि प्लेपॉज. पॉजबद्दल करार स्पष्ट सांगतो की गाणं आधीच थांबलेलं असेल तर काहीही होणार नाही. प्लेपॉज मात्र उलटापालट करतो: चालू असेल तर थांबवतो, थांबलेलं असेल तर चालू करतो. हेडफोनच्या वायरवरचं एकुलतं एक बटण असंच असतं. आपल्याला ते चालतं, कारण दाबल्यावर काय झालं ते लगेच कानाला कळतं. चुकलं तर पुन्हा दाबायचं.

एजंटनं बोगद्याच्या तोंडाशी प्लेपॉज पाठवलं. फोननं ते ऐकलं, गाणं थांबवलं. पण ‘थांबवलं’ ही पोच परत जाण्याआधीच रेंज गेली. एजंटला वाटलं, हुकूम पोचलाच नाही, म्हणून रेंज येताच त्यानं तोच पुन्हा पाठवला. दुसऱ्या हुकमानं गाणं सुरू केलं.

इथे पॉज हा हुकूम असता तर दोनदा काय, दहादा पोचला तरी गाणं थांबलेलंच राहिलं असतं. कितीही वेळा दिला तरी फळ एकच, असा हुकूम एजंटच्या हाती देणं केव्हाही बरं, कारण नेटवर्क तुटणार आणि एजंट पुन्हा प्रयत्न करणार हे धरूनच चालावं लागतं. एमसीपीमध्ये 2025पासून टूलवर तशी खूण करता येते: हे टूल पुन्हा चालवलं तर जादा परिणाम होत नाही, हे टूल फक्त बघतं, काही बदलत नाही, वगैरे. माझ्या मते संगीताच्या टूलमधून प्लेपॉज एजंटसाठी काढूनच टाकावा. ठेवायचाच असेल तर वर्णनात पहिल्याच ओळीत लिहावं की पोच आली नाही तर हा हुकूम पुन्हा देऊ नका, आधी स्थिती विचारा.

चोपदाराचा दंड

हुकूम, त्याची पोच आणि तक्रार या तिन्ही गोष्टी किती नेमक्या असू शकतात, हे पाहायचं तर पालखी सोहळ्यातली समाज आरती पाहावी. मावळातून वारीला जाणाऱ्यांना हे नवीन नाही. माउलींची पालखी मुक्कामी पोचते, भोवती दिंड्या उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात. क्षणात टाळ थांबतात आणि एवढा जनसागर गप्प होतो. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ एकच: त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, मग तेही टाळ शांत होतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते आणि आरती सुरू होते.

दंड उंच म्हणजे ‘थांबा’, त्याचा दुसरा अर्थ नाही. थांबले की नाही ते शांततेवरून लगेच कळतं. कोणी थांबलं नाही तर त्याचा अर्थ ठरलेला आहे आणि पुढे काय करायचं तेही ठरलेलं आहे. चांगल्या टूलच्या वर्णनात हेच तीन भाग असतात: हुकमाचा एकच अर्थ, झालेला बदल तपासायची सोय, आणि बिनसलं तर काय समजायचं व पुढे काय करायचं. बहुतेक वर्णनांत पहिला भाग जेमतेम असतो, दुसरा विसरलेला असतो आणि तिसरा एखाद्या आकड्यावर भागवलेला असतो.

तीस म्हणजे नक्की किती?

‘गाणं तीस सेकंद पुढे ने’ ही मागणी घ्या. एमप्रिसमध्ये वेळ मोजतात मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. स्पॉटिफायच्या वेब सेवेला तीच वेळ मिलिसेकंदांत द्यावी लागते, म्हणजे हजाराव्या भागात. आणि ‘म्युझिक प्लेयर डीमन’, म्हणजे एमपीडी, हा घरगुती संगीतसंचांत हौशी लोक लावतात तो प्लेयर सरळ सेकंद घेतो. तीस सेकंदांसाठी पहिल्याला 3,00,00,000 हा आकडा द्यायचा, दुसऱ्याला 30,000 आणि तिसऱ्याला 30.

वर्णनात नुसतं ‘वेळ: पूर्णांक’ असं असेल तर मॉडेल काय करील? बहुधा 30 लिहील, कारण माणूस तीस म्हणाला. मायक्रोसेकंदवाल्या प्लेयरला 30 दिले तर गाणं जागचं हललंय हे कळणारही नाही. वाईट म्हणजे प्लेयर ‘झालं’ असंच उत्तर देईल, कारण त्याच्या हिशेबानं झालंच आहे. मॉडेल आपल्याला आत्मविश्वासानं सांगेल, ‘तीस सेकंद पुढे नेलं.’

स्पॉटिफायच्या बाबतीत याहून वेगळी गंमत आहे. तिथे द्यायचा आकडा गाण्याच्या सुरुवातीपासून मोजतात. ‘आत्ता आहे तिथून तीस सेकंद पुढे’ हवं असेल तर आधी चालू जागा विचारून त्यात तीस हजार मिळवावे लागतात. एमप्रिसमध्ये या दोन गोष्टींना दोन हुकूम आहेत. एक आत्ताच्या जागेपासून पुढे-मागे नेतो, दुसरा नेमक्या जागी नेऊन ठेवतो.

या दोन हुकमांबद्दल एमप्रिसच्या करारात ज्या दोन ओळी आहेत, त्या मला फार आवडतात. पहिली अशी: पुढे नेताना गाण्याचा शेवट ओलांडला गेला, तर तो ‘पुढचं गाणं’ असा हुकूम समजावा. दुसरी आणखी हुशार आहे. नेमक्या जागी नेण्याच्या हुकमासोबत गाण्याची ओळखखूणही द्यावी लागते. हुकूम पोचेपर्यंत गाणं बदललं असेल आणि खूण जुळली नाही, तर हुकूम शिळा समजून सोडून द्यायचा. लिहिणाऱ्यानं ही वेळ आधीच डोळ्यांपुढे आणली होती. एजंट तर माणसापेक्षा सावकाश चालतो, त्याच्या विचार करण्यात सेकंद जातात, तेवढ्यात गाणं संपूही शकतं. टूलच्या वर्णनात अशी ओळ असली की एजंटला कळतं, काहीच का घडलं नाही.

आवाजाचंही तेच. एमप्रिसमध्ये पूर्ण आवाज म्हणजे 1.0, स्पॉटिफाय आणि एमपीडीमध्ये 100. ‘आवाज पन्नासवर ठेव’ हे ऐकून मॉडेलनं एमप्रिसला 50 पाठवले तर त्याचा अर्थ पूर्ण आवाजाच्या पन्नासपट होतो! प्लेयर शहाणा असला तर सावरून घेईल, पण त्याच्या शहाणपणावर विसंबू नये. माझं मत असं की टूल बनवणाऱ्यानं हे गुणाकार-भागाकार स्वतःकडे घ्यावेत. एजंटला बाहेर एकच भाषा दिसावी: वेळ सेकंदांत, आवाज 0 ते 100, आणि ही गोष्ट तक्त्यातल्या त्या-त्या रकान्यातच लिहिलेली. दूर कुठे तरी प्रस्तावनेत लिहून उपयोग नाही.

नाही झालं, तर का नाही झालं?

एमपीडीची एक रीत साधी आणि चांगली आहे. प्रत्येक हुकमावर तो शेवटी ‘ओके’ म्हणतो, किंवा ‘एसीके’ अशी सुरुवात करून कोणता हुकूम अडला आणि का, ते एका ओळीत सांगतो. एजंटला असंच उत्तर लागतं.

स्पॉटिफायला गाणं लावायला सांगितलं आणि कुठलाच फोन किंवा स्पीकर चालू नसेल, तर 404 या आकड्यासह चालू उपकरण नसल्याचं उत्तर येतं. खातं पैसे भरलेलं नसेल तर 403 येतो, कारण बाहेरून प्लेयर चालवायची मुभा फक्त प्रीमियम खात्यांना आहे. टूलनं दोन्ही वेळा नुसतं ‘त्रुटी’ एवढंच कळवलं तर एजंट दोन्ही वेळा तेच करील: पुन्हा पुन्हा प्रयत्न. खरं तर पहिल्या वेळी त्याला करण्यासारखं काम आहे, उपकरणांची यादी मागवून एक निवडायचं. दुसऱ्या वेळी त्याच्या हातात काही नाही, त्यानं तसं सांगून मोकळं व्हायला हवं. म्हणून अडचणीचा मजकूर असा असावा: ‘कोणताही स्पीकर चालू नाही. आधी स्पीकरांची यादी मागवा.’ आणि: ‘या खात्याला परवानगी नाही. पुन्हा प्रयत्न करू नका, वापरणाऱ्याला सांगा.’

खंडाळ्याचं गाणं कुठलं?

लोणावळ्याला निघालेल्या गाडीत कोणी तरी हमखास म्हणतं, ‘ते खंडाळ्याचं गाणं लाव की!’ आपल्याला लगेच कळतं. 1998च्या ‘गुलाम’ चित्रपटात आमिर खान आणि अलका याज्ञिक यांनी गायलेलं. मॉडेललाही बहुधा कळेल. पण प्लेयरला गाण्याचं नाव चालत नाही, ओळखक्रमांक लागतो, आणि तो मॉडेलला पाठ नसतो. वर्णनात सावध केलं नसेल तर मॉडेल खऱ्यासारखा दिसणारा क्रमांक बनवून पाठवतं.

यावर उपाय म्हणजे शोधणं आणि लावणं ही दोन टूल्स वेगळी ठेवायची. लावण्याच्या टूलच्या वर्णनात लिहायचं: ‘ओळखक्रमांक फक्त शोधाच्या निकालातलाच द्या.’ मराठी गाण्यांना तर हे फारच लागू आहे. एकच अभंग भीमसेन जोशींच्या आवाजात असतो, तोच दुसऱ्या कुणी गायलेला असतो, एकाच ध्वनिमुद्रणाचे चार अल्बम असतात, आणि नावं रोमन लिपीत ज्यानं त्यानं आपापल्या परीनं लिहिलेली असतात. म्हणून शोधाच्या निकालात गायक, अल्बम आणि लांबी यायलाच हवी. शंका असेल तर एजंटनं विचारावं, ही सूचनाही वर्णनातच असावी.

रात्रीचे दहा

लोणावळ्याचे बंगले आणि पवना धरणाच्या काठचे तंबू शनिवारी-रविवारी पाहुण्यांनी भरलेले असतात. अशा एखाद्या बंगल्यात दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि अंगण असे तीन स्पीकर आहेत आणि पाहुण्यांसाठी एक एजंट ठेवलाय असं समजा. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 डेसिबल आहे. पलीकडच्या वाडीत म्हातारी माणसं झोपलेली असतात, पहाटे उठून भाताच्या खाचरात जायचं असतं. त्यांच्या झोपेचा हा प्रश्न आहे.

‘रात्री दहानंतर अंगणातला स्पीकर लावू नका’ असं वर्णनात लिहिलं की भागलं? नाही. वर्णन ही विनंती असते. मॉडेल ती बहुतेक वेळा पाळतं, पण समोरच्यानं गळ घातली, खोटी वेळ सांगितली, तर घसरूही शकतं. ज्या गोष्टीचा त्रास तिसऱ्याला होतो ती गोष्ट कोडमध्येच अडवावी. घड्याळ टूलनं स्वतः पाहावं आणि दहानंतर अंगणाचा स्पीकर नाकारावा. वर्णनाचं काम त्यापुढचं आहे: असा नकार आला तर तो बिघाड नाही, नियम आहे, दुसऱ्या वाटेनं तेच करायला जाऊ नका, पाहुण्यांना आत गाणी लावायचा पर्याय द्या. एवढी ओळ नसेल तर कामसू एजंट दिवाणखान्याच्या स्पीकरचा आवाज शंभरवर नेऊन खिडकीतून अंगण भरून टाकील, आणि त्याला वाटेल आपण मदतच केली.

आणखी एक ओळ तिथे हवीच: 0 ते 100 हे आकडे डेसिबल नव्हेत. 45 डेसिबल पाळायचे म्हणून आवाज 45वर ठेवला, असला हिशेब मॉडेल सहज करून बसेल.

चौकट: एकाच टूलची दोन वर्णनं

*पहिलं:* संगीत नियंत्रित करते. क्रिया आणि मूल्य द्या.

*दुसरं:* चालू गाणं आहे त्या जागी थांबवते. आधीच थांबलेलं असेल तर काही बदलत नाही, त्यामुळे पोच न आल्यास पुन्हा चालवायला हरकत नाही. पुढे ‘चालू करा’ दिल्यावर गाणं त्याच जागेपासून सुरू होतं. गाणं पहिल्यापासून हवं असेल तर हे टूल वापरू नका, ‘बंद करा’ वापरा.
स्पीकर: ‘स्पीकरांची यादी’ या टूलनं दिलेलं नाव. न दिल्यास आत्ता वाजत असलेला स्पीकर.
उत्तरात मिळतं: नवी स्थिती, गाण्याचं नाव, थांबलेली जागा सेकंदांत.
‘काहीच वाजत नाही’ असं उत्तर आल्यास वापरणाऱ्याला तसं सांगा.

वर्णन पारखायचं कसं?

दुसरं वर्णन लांब आहे, पण त्यातली एकही ओळ शोभेची नाही. तरी लांबीलाही मर्यादा आहे. एजंटपुढे सगळ्या टूल्सची सगळी वर्णनं एकदम येतात. प्रत्येकानं पानभर निबंध लिहिला तर कामाची ओळ त्यात बुडते, आणि सारख्याच भासणाऱ्या दोन टूल्समध्ये मॉडेलचा गोंधळ होतो.

पारखायची रीत अशी. कोड न दाखवता नुसतं वर्णन एजंटला द्यायचं आणि माणसं बोलतात तशी वाक्यं त्याच्यापुढे टाकायची: ‘जरा बारीक कर’, ‘मघाचं परत लाव’, ‘आता पुरे’, ‘आजींच्या खोलीत नको, बाहेर लाव’. प्रत्येक वेळी त्यानं कोणतं टूल मागितलं आणि कोणते आकडे भरले, ते नोंदवहीत पाहायचं. ‘जरा बारीक’वर त्यानं आवाज एकदम 10वर नेला असेल तर वर्णनात लिहायचं की थोडा बदल म्हणजे दहा अंश वर किंवा खाली. ‘मघाचं परत’ म्हटल्यावर आधीचं गाणं लागण्याऐवजी चालू गाणंच पहिल्यापासून सुरू झालं असेल, तर दोष एजंटचा नसेलही. गाणं काही सेकंद वाजून गेल्यावर ‘मागचं’ दाबलं की तेच गाणं नव्यानं सुरू करायची सवय अनेक प्लेयरना असते. मग ती सवय वर्णनात नोंदवायची, म्हणजे एजंट नंतर स्थिती तपासून पाहील.

स्पीकरांची नावं मात्र वर्णनात कधी लिहू नयेत. बंगल्याचा मालक उद्या नवा स्पीकर आणेल, ‘अंगण’चं नाव बदलून ‘झोपाळा’ करील, आणि वर्णनातलं जुनं नाव वाचून एजंट नसलेल्या स्पीकरला हाका मारत बसेल. बदलणाऱ्या गोष्टी टूलला त्या-त्या वेळी विचारायच्या. वर्णनात फक्त त्या कुठे विचारायच्या तेवढं लिहायचं.